ती चिठ्ठी कुणाची, हे शोधू नका

मॅडम, निपाणीच्या कॉलेजात पहिल्याच सेमिस्टरला मुलांनी फीडबॅक फॉर्मवर तुमच्या शिकवण्याला 4 पैकी सरासरी 2 गुण दिले आणि प्राचार्यांनी खुलासा मागितला, हे तुमचं वाचलं आणि माझंच जुनं दुखणं वर आलं. खुलासा दोन ओळींत द्या. खरं काम वर्गात आहे.

त्या 2 वरून काहीच कळत नाही. 60 मुलांनी सरसकट 2 दिले तरी सरासरी 2, आणि 30 जणांनी 4, 30 जणांनी 0 दिले तरी 2च. दुसरा प्रकार असेल तर मी आधी माध्यम बघतो. कोण मराठी शाळेतनं आलंय, कोण कन्नड, कोण इंग्रजी.

माझी चूक सांगतो. वर्गात खानापूरकडची बरीच मुलं होती. एका फॉर्मच्या मागं पेन्सिलीनं लिहिलेलं, "सर, आमी उतरून घेइस्तवर फळा पुसतासा." अक्षर ओळखीचं होतं. दुसऱ्या दिवशी भर वर्गात त्या पोराकडं बघून मी विचारलं, "आता पुसू का?" वर्ग हसला, त्यानं मान खाली घातली. पुढची दोन वर्षं माझ्या प्रत्येक फॉर्मवर नुसतं 'व्हेरी गुड'. फळा मात्र मी तसाच पुसत होतो. ते पोरगं पुन्हा कधी शंका विचारायला आलं नाही, हे आजही सलतं.

ऑफिसच्या भरवशावर राहू नका. आमच्याकडं फॉर्मची टक्केवारी यायची ती मुलं पुढच्या वर्गात गेल्यावर, आणि हातानं लिहिलेलं तर कधी पोचलंच नाही. नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था, तिच्या विद्यार्थ्यांसाठीच्या सर्व्हेत 20 प्रश्न खुणा करायचे, 21वा तेवढा मोकळा, तीन सूचना लिहायचा. माझ्या मते जीव त्या 21व्यातच आहे.

म्हणून सहाव्या-सातव्या आठवड्यात स्वतःच कोरे कागद वाटा. काय समजतंय, कुठं अडतंय, एवढंच विचारा. मराठीत लिहू दे, कन्नडमध्ये लिहू दे. कन्नड वाचता येत नसेल तर दुसऱ्या कॉलेजातल्या कुणाकडून वाचून घ्या. पुढच्या तासाला काय बदलणार आणि काय जमणार नाही, दोन्ही सांगा. मी अर्थशास्त्राचा माणूस, प्रॅक्टिकलच्या विषयांना हे किती लागू पडेल ते तुम्ही ठरवा.

कागद वाटले की वर्गाबाहेर जा. हजेरीच्या क्रमानं गोळा करू नका, सगळे एका पिशवीत टाकायला सांगा.