भाड्यातून हप्ता निघेल या हिशेबावर पिंपरी-चिंचवडमधल्या मोशीत फ्लॅट घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय: ६० लाखांचा टू बीएचके, बांधकाम चालू, बँक ८० टक्के कर्ज देतेय, भाडं १८ हजार येईल. किंमत रास्त आहे का आणि हप्ता भाड्यातून निघेल का?

नाही निघणार. ४८ लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं म्हणजे हप्ता ४१,६०० च्या पुढे. शिवाय जीएसटी ३ लाख, स्टॅम्प ड्युटी ४ लाख २० हजार, नोंदणी ३० हजार. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी तर खिशातूनच, बँक त्यावर सहसा कर्ज देत नाही.

भाड्यातून हप्ता, हा तुमचाच हिशेब २०१३ साली माझ्या थोरल्या भावाने मला लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मांडून दिला होता. '४२ लाख', खाली बाण, '५ वर्षांत ७०', आणि त्याखाली दोनदा रेघ ओढून 'हप्ता भाडेकरू भरेल'. मी मोशीतच घेतला. ताबा २०१५ च्या डिसेंबरला मिळणार होता, मिळाला २०१७ संपताना. तोवर घरभाडं भरून वर बँकेचं नुसतं व्याज भरत होतो, मुद्दल जागचं हललं नाही. ताबा मिळाल्यावर चार महिने भाडेकरू नाही. दर रविवारी जाऊन नळ सोडायचो, आधी तांबूस पाणी यायचं, मग स्वच्छ. शेवटी १२ हजारांवर एक कुटुंब आलं. हप्ता ३३ हजार. २०२० च्या डिसेंबरात, स्टॅम्प ड्युटीत सवलत होती म्हणून गिऱ्हाइकं फिरकायला लागली, तेव्हा ४७ लाखांना विकला. सुरुवातीचे कर आणि नोंदणीचे ४ लाख, व्याजाचे १८ लाख धरा, मिळालेलं भाडं वजा करा. तेरा लाख गेले.

दादा अजून म्हणतो, "विकायची घाई केलीस, जागा कधी खाली येत नाही." दादा, ती थांबली होती आणि व्याज थांबलं नव्हतं, एवढंच माझं म्हणणं आहे. तू २००४ साली चिंचवडला घेतलास तो राहायला. तुझं घरभाडं वाचलं, म्हणून तुझा हिशेब जुळला. तो मला लागू नव्हता.

किमतीचं म्हणाल तर बिल्डरच्या दरपत्रकावर जाऊ नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर त्याच इमारतीतल्या आणि शेजारच्या तयार इमारतींतल्या अलीकडच्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचे गोषवारे, काढा, रकमेला कार्पेटने, म्हणजे भिंतींच्या आतल्या क्षेत्रफळाने, भागा. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दर स्टॅम्प ड्युटीपुरता, तो बाजारभाव नव्हे. मेंटेनन्स वजा करून १५ हजार हातात राहिले तर ते ६० लाखांवर वर्षाला ३ टक्के. कर्ज साडेआठने. मधली साडेपाच टक्क्यांची तूट दरवर्षी किंमत वाढूनच भरून यायला हवी, आणि ताबा मिळेपर्यंत ते ३ टक्केही नाहीत.

आता मी घेतला तेव्हा रेरा, म्हणजे बिल्डरांवर बंधनं घालणारा कायदा, नव्हता, हे खरं. ताबा लांबला तर आज तुम्हाला बिल्डरकडून व्याज मागता येतं. आणि स्वतः राहणार असाल तर वरचं बरंचसं सोडून द्या. पण भाड्यासाठीच घ्यायचा असेल तर पूर्णत्वाचा दाखला मिळालेला बघा: जीएसटी नाही, आणि भाडं लगेच सुरू होण्याची निदान शक्यता असते.