उजनीच्या मापानं सिंधू

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. वादविवाद स्पर्धेचा विषय पाकिस्तानबरोबरचा, भारतानं स्थगित केलेला सिंधू जल करार आणि तुमच्यात पडलेत दोन तट. एक म्हणतो, ‘नळच बंद केला, आता बघा मजा.’ दुसरा म्हणतो, ‘सगळा देखावा, थेंबभरही अडलं नाही.’ आणि तू विचारतोस, ‘काका, मी कुठल्या बाजूनं बोलू?’ देशाची काळजी तुला आहे, वाचनही आहे, तेव्हा त्यावर शाई घालवत नाही. राग आला तो एकाच गोष्टीचा. एवढ्या मोठ्या मेसेजात पाण्याचा एकही आकडा नाही. अरे, माप कुठंय?

सोलापूरच्या पोराला हे सांगावं लागावं? आपल्या उजनी धरणाबद्दल ‘उजनी वजा किती झाली?’ हे इथं चहाच्या गाड्यावर विचारतात. एकूण ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट; त्यात ६३.६६ मृतसाठा, म्हणजे तळाचं, एरवी न वापरायचं पाणी, आणि ५३.५७ उपयुक्त साठा. म्हणूनच टक्केवारी शून्याखाली जाते आणि तरी धरणात पाणी दिसतं, हे तुला दहावीच्या आधीपासून माहीत. २०२१ मध्ये इंदापूरला ५ टीएमसी द्यायचं ठरलं तर जिल्हा पेटला आणि निर्णय मागं घ्यावा लागला. पाच टीएमसी म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्यानं चिनाबवर नुसत्या आरोळ्या का ठोकाव्यात?

करारातलं पाणी एमएएफमध्ये, म्हणजे दशलक्ष एकर-फुटांत मोजलंय. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. म्हणून १ एमएएफ म्हणजे ४३.५६ टीएमसी. हा एक गुणाकार वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. आता बघ. सिंधू, झेलम, चिनाब या पाकिस्तानच्या वाट्याच्या, पश्चिमेकडच्या तीन नद्यांचं पाणी वर्षाला सरासरी १३५ एमएएफ धरतात. झाले ५,८८० टीएमसी, म्हणजे पन्नास उजनी. करारानं भारताला या नद्यांवर साठवायला दिलेत ३.६ एमएएफ, १५७ टीएमसी. पन्नासातली जेमतेम सव्वा-दीड उजनी. तेवढीही आपण बांधलेली नाही. झेलमवरच्या तुलबुलचा ०.३० एमएएफ, म्हणजे १३ टीएमसीचा प्रकल्प १९८७ पासून अडकून पडलाय. यावर चिडायचं असेल तर चीड, माझी हरकत नाही. पण १३ टीएमसीवर चीड.

खरी मेख चिनाबवरच्या बगलिहार वीजप्रकल्पाला आहे. ९०० मेगावॅट ऐकलं की लोकांना वाटतं, केवढं पाणी कोंडलं असेल! मेगावॅट हे विजेचं माप, पाण्याचं नव्हे. वीज काढताना रोज खाली-वर करायला भारतानं ३७.५ दशलक्ष घनमीटर साठा धरला होता, पाकिस्तान म्हणे ६.२२ पुरे. २००७ मध्ये तटस्थ तज्ज्ञ रेमंड लाफित यांनी ३२.५६ ठरवून दिला. एक टीएमसी म्हणजे २८.३२ दशलक्ष घनमीटर. दे भाग. १.१५ टीएमसी आलं ना?

पुढचं गणित आपण उजनीत येणारा दौंडचा विसर्ग बघून करतो तेच. ११,५७४ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी, चोवीस तास वाहिलं की १ टीएमसी होतं. चिनाब ३०,००० क्युसेकनं वाहतेय असं धर. दिवसाला २.६ टीएमसी. म्हणजे बगलिहारचा हा साठा भरायला साडेदहा तास. पुढं? पुढं पाणी सांडव्यावरून जाणारच. पावसाळ्यात तर तेवढेही तास मिळायचे नाहीत. ‘थेंब जाऊ देणार नाही’ म्हणणाऱ्याला एवढंच विचार, अकराव्या तासाला पाणी ठेवणार कुठं?

पण दुसऱ्यालाही सोडू नकोस. ‘काहीच झालं नाही’ हेही न मोजता बोललेलं वाक्य. पहलगामचा हल्ला २२ एप्रिल २०२५ चा, दुसऱ्या दिवशी करार स्थगित. मेच्या सुरुवातीला चिनाबवरच्याच सलाल आणि बगलिहारचे जलाशय गाळ धुण्यासाठी रिकामे करून पुन्हा भरल्याच्या बातम्या आल्या. मृतसाठाही उपसून पुन्हा भरताना अडणारं पाणी रोजच्या १.१५ टीएमसीपेक्षा पुष्कळ जास्त असतं. करार पाळायचा तर चिनाबवर मृतसाठा २१ जून ते ३१ ऑगस्ट याच मुदतीत भरायचा, कारण तेव्हा नदीलाच भरपूर पाणी असतं. तेच काम मेमध्ये केलं की खाली आधी लोंढा, मग कोरड. ऐन पेरणीच्या तोंडावर. उजनीचं आवर्तन दहा दिवस लांबलं तर मोहोळ-मंगळवेढ्याकडं उसाचं काय होतं, ते तुला मी सांगायला नको.

आणि माहितीचं काय? कलम ६ प्रमाणं रोजच्या विसर्गाच्या नोंदी महिन्याच्या महिन्याला, फार तर तीन महिन्यांत, एकमेकांना द्यायच्या. नवा वीजप्रकल्प असेल तर परिशिष्ट डी प्रमाणं बांधकामाच्या किमान ६ महिने आधी आराखडा कळवायचा. स्थगितीनं आपण ही बंधनं बाजूला ठेवली. ऑगस्ट २०२५ मध्ये पाकिस्तानला तवी नदीच्या पुराचा इशारा दिला तोही सिंधू आयोगामार्फत न देता उच्चायुक्तालयातून, माणुसकी म्हणून. म्हणजे आज हातात आलंय ते वेळापत्रक आणि माहिती. पाणी हातात यायचं तर धरणं, बोगदे, कालवे लागतात, आणि त्याला वर्षं लागतात. मला विचारशील तर निर्णयाचं वजन इथं आहे, आणि जो त्याला नळ म्हणून विकतो तो त्याचं नुकसानच करतो.

मूळ करार उघड. १२ कलमं, परिशिष्टं ए ते एच. भाषा रुक्ष आहे, पण आपल्या सातबाऱ्यापेक्षा सोपी. स्थगितीची तरतूद त्यात नाही. कलम १२ म्हणतं, दोघांनी मिळून नवा करार करून संपवेपर्यंत हा चालू. समोरचा हे काढणारच. तेव्हा तुझ्याकडं जानेवारी २०२३ आणि ऑगस्ट २०२४ च्या, बदल मागणाऱ्या भारताच्या नोटिसा असू देत. भांडण पहलगामनंतर सुरू झालं नाही, हे तारखाच सांगतील.

चीनचा मुद्दा निघाला की आपल्याकडं एक जण चीनमध्ये रुग्णसेवा केलेले सोलापूरचे डॉ. कोटणीस काढतो, दुसरा गलवान काढतो आणि पाणी राहतं बाजूला. यारलुंग त्सांगपोवर, म्हणजे ब्रह्मपुत्रेच्या वरच्या अंगाला, चीननं जुलै २०२५ मध्ये ६०,००० मेगावॅटच्या प्रकल्पाचं काम सुरू केलं. तिथं आपण खालचे. चीनशी पाणीवाटपाचा करारच नाही. पुराच्या नोंदी देण्याचा ब्रह्मपुत्रेचा समझोता होता, त्याची मुदत २०२३ मध्ये संपली. त्याआधी डोकलामच्या वर्षी, २०१७ मध्ये, त्या नोंदी आल्याच नव्हत्या. ‘वरच्यानं काहीही करावं’ असं चिनाबसाठी जोरात म्हणालास, तर परीक्षक हीच नदी तुझ्यासमोर ठेवतील. तेव्हाही घाबरू नकोस, मापच काढ. मेगावॅट ६०,००० आहेत. साठा किती, वळवणार किती, आणि त्या नदीत भारताच्या हद्दीतल्या पावसाचा वाटा केवढा? बहुतेक वक्ते पहिल्या आकड्यावरच बेशुद्ध पडतात. आपण सोलापूरकर पुण्याच्या खालचे आणि कर्नाटकाच्या वरचे. दोन्ही बाजूंनी ओरडायची सवय आहे आपल्याला. ती इथं कामाला येईल.

म्हातारा किरकिरा आहे असं तुमच्या कट्ट्यावर म्हणतात, कळतं मला. म्हणू देत. तावातावानं बोललेली माझी कितीतरी मतं आज परत घ्यावीशी वाटतात आणि ज्यांच्यासमोर बोललो त्यातले निम्मे आता नाहीत. हा हट्ट तिथून आलाय. तो चुकीचा असेल तर आकडे घेऊन ये आणि भांड.

बोलायला पाच मिनिटं आहेत म्हणालास. पहिलं मिनिट गुणाकाराला दे, मंचावरच कर. दोन मिनिटं बगलिहारच्या साडेदहा तासांना. एक मेच्या लोंढ्या-कोरडीला आणि कलम ६ ला. उरलेलं चीनला. ‘रक्त आणि पाणी’ हे वाक्य तुझ्याआधी चौघं म्हणतील, तू म्हणू नकोस. घनमीटर, एमएएफ, टीएमसी एकाच वाक्यात मिसळू नकोस. सगळं टीएमसीत आण, सभागृहातल्या शेवटच्या रांगेलाही उजनी डोळ्यापुढं दिसते.

रविवारपर्यंत टाचणं पाठव. आणि मागच्या वेळी लिहिलं होतंस तसं ‘क्युसेक प्रति सेकंद’ लिहू नकोस, क्युसेकमध्ये सेकंद आलेलाच असतो.

तुझा,
काका