माशांच्या टँकला वेगळी लाईन लागते ती लोडसाठी नाही, करंटच्या लीकेजसाठी

कोथरूडच्या २५ वर्षं जुन्या फ्लॅटमध्ये माशांचा चार फुटी टँक बसवायचाय, वायरमन म्हणतोय लोड काहीच नाही, हॉलच्या बोर्डातून एक्स्टेंशन घ्या. मग वेगळी लाईन खरंच लागते का, असं तुम्ही विचारलंय. मी पुण्यात वीसेक वर्षं वायरिंगची कामं करतो आणि घरी मासेही आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

लोडबद्दल तुमचा वायरमन बरोबर आहे. २५० लिटर पाण्याला २०० वॉटचा हीटर, ३० वॉटचा कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा) फिल्टर, ४० वॉटचा एलईडी आणि ५ वॉटचा एअर पंप धरा. सगळं मिळून पावणेतीनशे वॉट, म्हणजे २३० व्होल्टला सव्वा अँपिअरच्या आतबाहेर. इस्त्री याच्या चौपट खाते. पण इस्त्री पाण्यात बुडवून कोणी चोवीस तास ठेवत नाही.

आम्ही धनकवडीत भाड्याने राहत होतो तेव्हाची गोष्ट. मुलीने टँकमध्ये बोट घातलं आणि पटकन मागे घेत म्हणाली, "बाबा, पाणी चावतंय." मी आधी मेन स्विच पाडला, मग हीटर बाहेर काढला. रबरी बुचाजवळ काचेला केसाएवढी चीर गेली होती. मासे मात्र नेहमीसारखे फिरत होते. चहूबाजूंनी काच असल्यामुळे सगळं पाणी एकाच व्होल्टेजला होतं, करंटला बाहेर पडायला वाट नव्हती. ती वाट फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या पोरीने दिली. सॉकेट तीन पिनांचं होतं, पण उघडून बघितलं तर वरच्या मोठ्या, अर्थच्या पिनेला वायरच जोडलेली नव्हती. एमसीबी (करंट जास्त गेला की पडणारा स्विच) होता, तो जागचा हलला नाही, हलणारही नव्हता. ६ अँपिअरचा एमसीबी ६ अँपिअरच्या वर गेल्याशिवाय काही करत नाही, आणि छातीतून गेले तर ५०-१०० मिलिअँपिअरही जीव घ्यायला पुरतात. त्या दिवसापासून टँकचं काम मी एकाच पद्धतीने करतो.

डीबीमध्ये, म्हणजे घराचे मेन स्विच असतात त्या बॉक्समध्ये, टँकसाठी स्वतंत्र आरसीबीओ बसवून घ्या: दोन पोलचा (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा), ६ अँपिअर, ३० मिलिअँपिअर. एलईडीचे ड्रायव्हर आणि आजकालचे इलेक्ट्रॉनिक पंप असतात म्हणून शक्यतो टाइप ए. त्यात एमसीबी आणि आरसीसीबी (करंटची गळती झाली की पडणारा स्विच) दोन्ही एकत्र असतात. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पुरता परत आला नाही, म्हणजे मध्येच कुठेतरी गळतोय, हे तो ओळखतो. ३० मिलिअँपिअर गळती झाली तर जास्तीत जास्त ०.३ सेकंदात पडतो, १५० झाली तर ०.०४ सेकंदात. मात्र एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला तर त्याला काहीच समजत नाही, कारण मग गेलेलं सगळं परत येतं. आरसीबीओ आहे म्हणून चालू टँकमध्ये हात घालायचा नाही.

आता ज्या गोष्टीत बहुतेक जण चुकतात ती. घराला आधीच ३० मिलिअँपिअरचा मेन आरसीसीबी असेल आणि टँकची लाईन त्याच्या पुढून घेतली, तर वेगळेपणाचा निम्मा फायदा गेला. तुम्ही गावाला गेलात आणि इकडे फ्रिजमध्ये लीकेज झालं की मेन पडणार, फिल्टर बंद, दोन दिवसांनी परत आलात की मासे पाण्यावर. उलट टँकचा हीटर फुटला तर अख्खं घर अंधारात. म्हणून टँकचा आरसीबीओ मेन आयसोलेटरच्या (अख्ख्या घराची वीज तोडणाऱ्या स्विचच्या) नंतर पण घराच्या आरसीसीबीच्या आधी जोडायचा. हे स्वतः करू नका. आयसोलेटर पाडला तरी त्याची येणारी बाजू जिवंतच असते, ती मीटररूममधून बंद करावी लागते. लायसन्स असलेल्या कॉन्ट्रॅक्टरचा माणूस बोलवा आणि त्याला हे वाक्य जसंच्या तसं सांगा: टँकचा न्यूट्रल दुसऱ्या कुठल्याच लाईनच्या न्यूट्रलला जोडायचा नाही. जुन्या फ्लॅटमध्ये न्यूट्रल बोर्डाबोर्डांतून फिरवलेले असतात. तसा एखादा मिसळला की आरसीबीओ सारखा पडतो, आणि मग कोणीतरी वैतागून तो काढून साधा एमसीबी लावतो. असे काढून टाकलेले मी कितीतरी ठिकाणी पाहिलेत, आणि दर वेळी दोष वायरिंगचाच निघालाय.

डीबीपासून टँकपर्यंत १.५ स्क्वेअर एमएमच्या तीन तांब्याच्या वायरी पुरतात: फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी. मधल्या बोर्डात कुठेही जोड नको. भिंत फोडायची नसेल तर केसिंग पट्टीतून आणा, बिघडत नाही.

अर्थिंग खरं आहे का ते मात्र नक्की तपासून घ्या. नुसतं मल्टिमीटर लावून फेज आणि अर्थमध्ये २३० दिसले म्हणजे झालं असं नाही. मीटर इतका कमी करंट घेतो की गंजलेल्या, अर्धवट तुटलेल्या अर्थवरही तो आकडा दाखवतो. वायरमनला १०० वॉटचा टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये लावायला सांगा, तेही आरसीबीओच्या आधीच्या बाजूला. दिवा मिणमिणला तर अर्थ कामाचं नाही. आणि कोणी सॉकेटमध्ये न्यूट्रलवरून तुकडा मारून अर्थच्या पिनेला जोडून देत असेल तर त्याला तिथेच थांबवा. न्यूट्रल कुठे तुटला तर टँकच्या दिव्याच्या धातूच्या पट्टीवर सरळ २३० व्होल्ट येतात.

सॉकेट टँकच्या खाली, स्टँडच्या कपाटात नको. बाजूच्या भिंतीवर, पाण्याच्या पातळीपेक्षा वर घ्या. प्रत्येक वायर सॉकेटकडे जाण्याआधी एकदा खाली लोंबती ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी त्या वळणावरून खाली टपकतं, प्लगमध्ये शिरत नाही. एअर पंप टँकपेक्षा खाली ठेवणार असाल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. वीज गेली की टँकचं पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं आणि वीज आली की शॉर्ट.

वीज तर जाणारच. आपल्याकडे देखभालीसाठी गुरुवारी काही तास बंद असते हे तुम्हाला माहीत आहे. इन्व्हर्टर असेल तर फिल्टर आणि एअर पंप त्यावर घ्या, त्यांना पस्तीसच वॉट लागतात. हीटर आणि दिवा घेऊ नका. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांखाली गेला तरी २५० लिटर पाणी दोन-चार तासांत फारसं थंड होत नाही, पण हवा बंद पडली तर मासे तेवढ्यात तडफडू लागतात. म्हणजे लाईन दोन होतात. इन्व्हर्टरच्या लाईनला इन्व्हर्टरच्या पुढे वेगळा आरसीबीओ, आणि तिचाही न्यूट्रल पूर्ण वेगळा.

पाणी बदलताना हीटर पंधरा मिनिटं आधी बंद करा. पाणी उतरलं आणि तापलेली काच उघडी पडली की त्यावर गार पाणी पडताच ती तडकते. महिन्यातून एकदा आरसीबीओचं टेस्ट बटण दाबा. त्याने फक्त आतली यंत्रणा तपासली जाते, अर्थिंग नाही.

हे सगळं टँक भरायच्या आधी उरका. भरलेला चार फुटी टँक काच आणि स्टँड धरून तीनशे किलोच्या पुढे जातो, मग मागचं सॉकेट बदलायला तो हलत नाही. डीबीचं झाकण न उघडता एक फोटो टाका, आयसोलेटर आणि आरसीसीबी कुठे आहेत ते पाहून लाईन कुठून घ्यायची ते सांगतो.