कांस्यपदक आणि शिल्पकाराचा भाऊ

प्रश्न (नागपूरहून): आमचं कलामंडळ एका दिवंगत शिल्पकारांच्या स्मृतीप्रित्यर्थ ब्राँझचं पदक काढत आहे. पत्रिकेत 'कांस्य पदक' छापलं तर लोक तिसरा क्रमांक समजतील, असं एक सदस्य म्हणतात. त्याऐवजी 'ताम्रपदक' चालेल का?

नाही चालणार. ताम्र म्हणजे निव्वळ तांबं. तांब्यात कथील गेलं की कांसं, जस्त गेलं की पितळ. आमच्या आजीला हे भांड्याच्या आवाजावरून कळायचं. आता कोणी काटेकोर म्हणेल की तळपायाला तूप चोळायच्या काशाच्या वाटीत शंभरात बावीसेक भाग कथील असतं आणि पदकाच्या ब्राँझमध्ये त्याच्या निम्म्याहून कमी, नाहीतर ठशाखाली तडकायचं. असू दे. नावाला एवढा फरक खपतो.

तिसऱ्या क्रमांकाची धास्ती मात्र खरी आहे, आणि माझं डोकं फिरतं ते तिथेच. मागे सीताबर्डीला अशाच एका समारंभात निवेदकाने "आपल्या लाडक्या शिल्पकारांना कांस्यपदक" असं जाहीर केलं, तर शेजारचे गृहस्थ पुटपुटले, "मंग सोन्याचं कोनाले भेटलं?" अहो, सोनं-चांदी-कांसं ही उतरंड १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकपासूनची. १८९६ ला अथेन्समध्ये पहिल्या आलेल्याच्या हातात चांदीचं पदक पडलं होतं. आणि शिल्पकार करमरकरांनी १९२८ साली पुण्यात उभा केलेला अश्वारूढ शिवाजी ब्राँझचाच. त्याला कोणी तिसरा म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

पण तुमच्या प्रश्नात 'शिल्पकार' दिसला आणि मला राहवेना. कुंभकाराचा कुंभार झाला, लोहकाराचा लोहार, कांस्यकाराचा कासार. (बांगड्या भरतो म्हणून कासाराला काचेशी जोडणाऱ्यांनी त्यातला 'च' कुठे सांडला तेवढं सांगावं.) तुमच्या नागपुरातल्या महाल भागातली चितार ओळ घ्या. गल्ली गणपती घडवणाऱ्यांची, नाव मात्र चित्रकारावरून आलेलं. मग शिल्पकारच तेवढा कोरा करकरीत कसा राहिला? कारण तो पोथीतून उचलून आणलेला शब्द. तोंडातोंडी झिजला तो त्याचा सख्खा भाऊ, शिल्पी. आणि माझ्या मते तो भाऊ आज मशीनवर बसून ब्लाउज शिवतोय: शिंपी!

शिवतो तो शिंपी, असं ठासून सांगणारे विद्वान भेटतात. 'शिव'मधल्या 'व'चा 'प' कोणत्या नियमाने झाला, असं विचारलं की ते चहा मागवतात. माझ्या बाजूने सरळ रस्ता आहे. संस्कृतात शिल्पी, प्राकृतात सिप्पी. हा जोडीचा 'प्प' मराठीत शिरताना नाकात बोलू लागतो: पिप्पलाचा पिंपळ पाहा. समुद्रकाठचा शिंपलासुद्धा असल्याच एका सिप्पीपासून आलाय, फक्त ती सिप्पी वेगळी. अर्थाचीही अडचण नाही. शिल्प म्हणजे मुळात कुठलंही हातचं कसब. एकाच्या वाट्याला दगड आला, दुसऱ्याच्या कापड. एका प्राध्यापकांनी 'ध्वनिसाम्याचा योगायोग' म्हणून माझी बोळवण केली. मग पिंपळही योगायोग का, हे मी त्यांना तीनदा लेखी विचारलं. उत्तर यायचंय.

हां, तुमचं पदक. 'कांस्य-स्मृतिपदक' छापा, म्हणजे स्पर्धेचा वास येणार नाही. नुसतं 'कांस्यपदक' लिहायचं तर जोडून लिहा, मध्ये फट नको. आणि ते 'स्मृतीप्रित्यर्थ' आधी खोडा. समासात स्मृतीचा 'ति' ऱ्हस्व, प्रीतीचा 'प्री' दीर्घ. तुम्ही नेमकं उलटं केलंय, आणि तेच पदकाच्या पाठीवर कोरायला गेलं असेल तर आजच ठसा करणाऱ्याला फोन करा.