अकरावी सायन्स : बायो ठेवायचं की कॉम्प्युटर घ्यायचं?

कराडजवळच्या एका गावातून आलेलं पत्र, थोडक्यात असं:

‘मी एस.टी.त वाहक आहे. मुलगी सेमी इंग्रजीतून दहावी पास झाली. 89.40 टक्के. गणितात 94, विज्ञानात 83. तिला अकरावी सायन्सला कॉम्प्युटर बायफोकल (दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांऐवजी घ्यायचा दोनशे मार्कांचा विषय) घ्यायचं आहे. माझी बहीण नर्स आहे. ती म्हणते, बायो सोडू नका, मुलीच्या जातीला मेडिकल लाइन बरी. मला वाटतं मॅथ्स आणि बायो दोन्ही असू दे, म्हणजे दोन्ही दारं उघडी राहतील. एका क्लासवाल्यांनी कॉलेज आणि क्लास एकत्र असं दोन वर्षांचं पॅकेज सांगितलं आहे. जेईई आणि नीट दोन्हीची तयारी करून घेऊ म्हणतात. फी आमच्या आवाक्याबाहेर आहे, पण मुलीसाठी कर्ज काढायची तयारी आहे. सोबत मार्कलिस्ट आणि पूर्वपरीक्षेच्या पेपरांचे फोटो पाठवतो.’

त्याखाली वेगळ्या अक्षरात दोन ओळी: ‘मॅडम, मला बायो आवडत नाही असं नाही. पण मला कॉम्प्युटर घ्यायचंय. बाबा म्हणतात, नंतर पस्तावशील.’

सप्रेम नमस्कार,

पूर्वपरीक्षेचे पेपर पाठवलेत हे फार बरं केलंत. बोर्डाच्या मार्कलिस्टवर विज्ञानाचे दोन्ही भाग एकत्र येतात, त्यामुळे 83 या आकड्यातून काहीच कळत नाही. पहिला भाग म्हणजे विद्युतधारा, लेन्स, उष्णता, रासायनिक अभिक्रिया. दुसरा म्हणजे आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया, प्राण्यांचं वर्गीकरण, सूक्ष्मजीव. अकरावीत हे दोन भाग वेगवेगळ्या वाटांनी जातात, म्हणून ते वेगळे करूनच बघावे लागतात. तुमच्या मुलीला पूर्वपरीक्षेत पहिल्या भागात 40 पैकी 37 आहेत, दुसऱ्यात 29.

पण मार्कांपेक्षा मला पेपर जास्त बोलके वाटले. लेन्सच्या उदाहरणात तिने सूत्र वापरून उत्तर काढलंय, चिन्हं बरोबर घेतली आहेत, आणि त्याखाली पेन्सिलने एक लहानशी किरणाकृती काढून उत्तर पडताळून पाहिलंय. प्रश्नात आकृती मागितलेली नव्हती, त्यामुळे तिला त्याचे मार्क मिळणार नव्हते. तरी तिने ती काढली. दुसऱ्या भागात मायटोसिसच्या (पेशीविभाजनाच्या) आकृत्या स्वच्छ आहेत, नावंही दिलेली आहेत, पण स्पष्टीकरण तीन ओळींत उरकलंय. चूक काही नाही. अभ्यास केलेला दिसतो. फक्त तिथे ती थांबलेली नाही, रमलेली नाही. मुलं कुठे रेंगाळतात ते बघावं, असं मी प्रत्येक पालकांना सांगते. कलचाचणीच्या गुणापेक्षा ते अधिक खरं असतं.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. ‘दोन्ही असू दे’ ही इच्छा मी समजू शकते. वडिलांना वाटतं, पोरीचं काही हुकायला नको. पण दोन्ही ठेवण्याची किंमत पडते, आणि ती रोज मुलीलाच मोजावी लागते. इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो आणि आणखी एक विषय, शिवाय चार विषयांची प्रॅक्टिकलं आणि जर्नलं. एवढं केवळ बोर्डासाठी असेल तर मेहनती मुलगी निभावून नेते. खरा ताण प्रवेश परीक्षांचा. मेडिकलच्या नीटमध्ये 180 मिनिटांत 180 प्रश्न सोडवायचे असतात, 720 मार्कांचे, आणि त्यातले निम्मे, म्हणजे 360 मार्क, एकट्या बायोचे. मॅथ्सचा एकही प्रश्न नाही. इंजिनिअरिंगच्या जेईई मेनमध्ये तेवढ्याच तीन तासांत 75 प्रश्न, त्यातले 25 मॅथ्सचे, आणि बायोचा एकही नाही. फिजिक्स-केमिस्ट्री दोन्हीकडे आहे खरं, पण एका परीक्षेत मिनिटाला एक प्रश्न ओळखून पुढे सरकायचं असतं आणि दुसरीत एकेका प्रश्नाशी झटायचं असतं. सरावाची पद्धतच वेगळी. दोन्हीची तयारी एकदम करणारी मुलं बारावीच्या दिवाळीपर्यंत बहुधा एक बाजू सोडून देतात. सोडायचंच असेल तर ते अकरावीच्या जूनमध्ये विचार करून सोडलेलं बरं. दीड वर्ष दोन्हीकडे ओढाताण करून, थकून सोडलं की मुलांना ते अपयश वाटतं.

मग बायो सोडलं तर नेमकं काय जातं? एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी, व्हेटर्नरी आणि बी.एस्सी. नर्सिंग. हे मोठं क्षेत्र आहे, मी ते कमी लेखत नाही. पण बाकी जवळजवळ सगळं शिल्लक राहतं. इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, स्टॅटिस्टिक्स तर आहेच. फार्मसीला आपल्या राज्यात सीईटीचा (राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेचा) मॅथ्सचा ग्रुपही चालतो. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या कृषी विद्यापीठांच्या बी.एस्सी. अॅग्रीलाही चालतो; ‘शेतकीला बायो लागतंच’ हा समज गावोगाव पक्का बसलाय, तो काढून टाका. एनडीएचे (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे) दरवाजे 2021 पासून मुलींना खुले झालेत, आणि तिथे नौदल व हवाई दलासाठी फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवं.

आणि समजा बारावीनंतर तिच्या मनाने घेतलंच की डॉक्टर व्हायचं, तर? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीर केलं की बारावी झाल्यावर मान्यताप्राप्त बोर्डातून बायो हा जादा विषय म्हणून देऊन पास झालेल्या विद्यार्थ्यालाही नीट देता येईल. त्यात एखादं वर्ष जाईल, कष्ट पडतील, पण वाट कायमची बंद होत नाही. तुमच्या बहिणीला हे आवर्जून सांगा. त्यांनी आयुष्यभर वॉर्डात उभं राहून जे पाहिलंय त्यातूनच त्या सांगताहेत, आणि भाचीने स्वतःच्या पायावर उभं राहावं हीच त्यांची तळमळ आहे. पण मुलीच्या जातीला अमुक लाइन बरी, हे मात्र मला मान्य नाही. रात्रपाळी नर्सलाही असते, धावपळ डॉक्टरलाही असते.

उलट, मॅथ्स सोडायचा विचार या मुलीच्या बाबतीत कुणी करत असेल तर मी हात जोडून नको म्हणेन. 94 मार्क आहेत म्हणून नाही, त्या पेन्सिलच्या आकृतीमुळे.

म्हणजे ग्रुप माझ्या मते स्पष्ट आहे: फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स (पीसीएम). बायफोकलचा निर्णय त्यानंतरचा, आणि तो त्यापेक्षा लहान आहे. बायफोकल घेतलं की दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय जातो, त्यांच्या जागी कॉम्प्युटरचे शंभर-शंभर मार्कांचे दोन पेपर येतात, त्यातले निम्मे मार्क प्रॅक्टिकलचे. नीट अभ्यास केला तर मार्क चांगले पडतात, आणि एक पूर्ण विषय कमी झाल्याने वेळ मिळतो. (मराठी सुटते याचं मला दर वेळी वाईट वाटतं. घरात वाचन चालू ठेवा.)

आता बाळ, तुझ्याशी बोलते. बायफोकल कॉम्प्युटर घेतलं नाही तरी पुढे कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळतो, तिथे याची अट नाही. त्यामुळे ‘हे नाही मिळालं तर संपलं’ असं मनात धरू नकोस. आणि हे घेतलंस तर त्यात काय शिकवतात ते आधी बघून घे. वर्षानुवर्षं चालत आलेल्या या अभ्यासक्रमात सी प्लस प्लस, डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टीम, एचटीएमएल आहे, आणि दुसऱ्या पेपरात मायक्रोप्रोसेसर व नेटवर्किंग. त्यातला 8085 हा मायक्रोप्रोसेसर इंटेलने 1976 मध्ये आणलेला आहे. मोबाईलची अॅप बनवायला शिकू या कल्पनेने गेलेली मुलं इथे हिरमुसतात. पण दोन आकड्यांची बेरीज करायची तर एक आकडा कुठल्या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या साठवणीच्या लहानशा खणात) ठेवायचा, दुसरा कुठून आणायचा, हातचा कुठे जातो, हे एकेक पाऊल स्वतः सांगावं लागतं तेव्हा मशीन आतून कसं चालतं ते कळतं. लेन्सचं उत्तर पुन्हा तपासून बघणाऱ्या मुलीला हे आवडेल असं मला वाटतं.

मात्र कॉलेजात जाऊन लॅब डोळ्यांनी बघा, बाप-लेक दोघंही. किती कॉम्प्युटर चालू आहेत, मायक्रोप्रोसेसरची किट बाहेर काढलेली आहेत की कपाटात, शिकवणारे सर किंवा मॅडम पूर्ण वेळ आहेत का, बारावीच्या एखाद्या मुलीने जर्नलमधले किती प्रोग्रॅम खरोखर करून पाहिलेत. शिपायापासून विद्यार्थ्यांपर्यंत कुणालाही विचारा, लोक सांगतात. बायफोकलची फी वेगळी असू शकते, ती ऑफिसात लेखी विचारून घ्या. लॅब नावालाच असेल तर साधं पीसीएम घ्या, सोबत दुसरी भाषा म्हणून मराठी आणि आणखी एक ऐच्छिक विषय म्हणून भूगोलासारखं काही ठेवा. काहीही बिघडत नाही.

पॅकेजबद्दल मी थोडं कडक बोलणार आहे. वर सांगितलंच की दोन परीक्षा दोन दिशांना ओढतात. त्या दोन्हींची एकत्र तयारी करून देऊ असं जो म्हणतो, त्याला आधी विचारा की मागच्या बॅचमधल्या किती मुलांनी शेवटपर्यंत दोन्हींचा अभ्यास केला. कॉलेज केवळ कागदावर असेल तर फिजिक्स-केमिस्ट्रीचे तीस-तीस मार्कांचे प्रॅक्टिकल आणि दुर्लक्षित झालेली बोर्डाची तयारी पुढे अंगावर येते. एनआयटीसारख्या (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांसारख्या) संस्थांत प्रवेशासाठी बारावीला 75 टक्क्यांची, नाहीतर बोर्डातल्या पहिल्या वीस पर्सेंटाइलमध्ये येण्याची अट असते. फी एकरकमी भरू नका. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय की मुलाने क्लास मध्येच सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी. क्लासवाल्यांना हे लेखी द्यायला सांगा. कां कू केली तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

आणि कर्ज? या टप्प्यावर काढू नका, अशी कळकळीची विनंती आहे. आपल्याकडच्या सीईटीत अकरावीचा भाग साधारण 20 टक्के आणि बारावीचा 80 टक्के असतो, निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि दीडशे प्रश्नांत मॅथ्सच्या 50 प्रश्नांना प्रत्येकी दोन मार्क असल्याने 200 पैकी 100 मार्क मॅथ्सचेच. तुमच्या मुलीसाठी ही परीक्षा अनुकूल आहे. कॉलेजात नियमित जाणं, एखादी साधी शिकवणी आणि बारावीत टेस्ट सिरीज, एवढ्यावर ती चांगल्या सरकारी कॉलेजपर्यंत पोचू शकते. कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय तर तुमच्या दारातच आहे. शिवाय 2024-25 पासून राज्य सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. प्रवेश मात्र केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्याला ते लागू नाही. कर्ज काढायची वेळ आलीच तर ती पुढे, हॉस्टेलसाठी येईल.

एक वाट तुम्ही विचारलीच नाहीत, म्हणून मीच काढते. दहावीच्या मार्कांवर, कुठलीही सीईटी न देता, तंत्रनिकेतनात कॉम्प्युटरचा तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो आणि तिथून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. हाताने काम करत शिकणाऱ्या मुलांना ही वाट मानवते. तुमच्या मुलीला मी ती पहिली सुचवणार नाही, कारण पंधराव्या वर्षीच इंजिनिअरिंगवर शिक्का बसतो, आणि तिचं गणित बघता तिला शुद्ध विज्ञान किंवा स्टॅटिस्टिक्सही आवडू शकेल. पण अर्जांची मुदत संपण्याआधी घरात एकदा यावर बोला.

कॉलेज निवडताना नावापेक्षा अंतराकडे बघा. बारावीपर्यंतच्या मुलींना एस.टी.चा पास मोफत असतो हे तुम्हाला मी सांगायला नको, पण पास मोफत असला तरी येण्या-जाण्याचे तास मोफत नसतात. आणि सेमी इंग्रजीतून आल्यामुळे पहिले दोन-तीन महिने वर्गात बोलताना ती बुजेल. मॅथ्स-विज्ञानाचे शब्द तिला माहीत आहेत. अडतं ते शंका विचारताना. शंका मराठीत विचारली तरी चालते, हे घरातून तिला कुणीतरी ठामपणे सांगायला हवं.

बाळ, शेवटचं काम तुझं. ई-बालभारतीवर अकरावीची पुस्तकं मोफत मिळतात. मॅथ्सच्या पहिल्या भागातलं कोन आणि त्याचं मापन हे पहिलं प्रकरण उघड आणि त्यातला पहिला सरावसंच कुणाला न विचारता सोडव. दुसऱ्या दिवशी बायोचं पहिलं प्रकरण तेवढाच वेळ वाच आणि पुस्तक बंद ठेवून जे आठवतं ते लिही. कुठे घड्याळाकडे लक्ष गेलं आणि कुठे नाही, ते प्रामाणिकपणे लिहून ठेव. माझा अंदाज पीसीएमचा आहे, पण तुझ्या वहीत वेगळं निघालं तर तुझी वही खरी. दोन्ही पानं बाबांना आणि आत्याला दाखव, आणि प्रवेशाच्या फॉर्मचा कॉलेजांच्या पसंतीचा दुसरा भाग त्यानंतरच भर. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मात्र बाबांना या आठवड्यातच पाठव, जूनमध्ये सेतू केंद्रावर फार गर्दी असते.