श्रीमंत परदेशी रुग्णाला अवयव प्रत्यारोपणाच्या यादीत घेणं योग्य आहे का?

दाता कोण, यावर ते ठरतं. परदेशी रुग्णाने सख्खी बहीण दाता म्हणून सोबत आणली आणि तिने मूत्रपिंड दिलं, तर स्थानिक यादीतल्या कुणाचा नंबर हुकत नाही. नातं खरं आहे ना, एवढं मात्र कसून तपासावं; पैसा असला की 'चुलत भाऊ' पटकन सापडतात.

खरा वाद मेंदूमृत दात्याच्या अवयवांचा. अवयवांच्या व्यापाराविरुद्धच्या २००८ च्या आंतरराष्ट्रीय इस्तंबूल जाहीरनाम्याची कसोटी मला पटते: बाहेरच्या रुग्णांमुळे स्वतःच्या लोकांवर उपचार करण्याची देशाची क्षमता कमी होत असेल, तर ते प्रत्यारोपण पर्यटन, म्हणजे अनैतिक.

यावर ठरलेला युक्तिवाद येतो, 'अवयव वाया गेला असता.' तो सरसकट खोटा नाही. काढलेलं हृदय बर्फात ठेवून साधारण ४ ते ६ तासच टिकतं. रक्तगट आणि आकार जुळणारा स्थानिक रुग्ण तेवढ्यात मिळाला नाही, तर परदेशी माणसाला द्यावं, जरूर द्यावं. पण स्थानिक का मिळाला नाही? पुष्कळदा जुळणारा रुग्ण असतो, त्याच्याकडे शस्त्रक्रियेचे आणि पुढे जन्मभर घ्यायच्या औषधांचे पैसे नसतात, म्हणून त्याचं नाव यादीत चढतच नाही. मग कागदावर 'स्थानिक रुग्ण उपलब्ध नाही' असा शेरा पडतो आणि सगळं नियमात बसतं! दान गरिबाच्या घरून यायचं आणि यादीत शिरायला मात्र पैसा लागायचा, हे मला तरी पटत नाही. परदेशी रुग्णांकडून घेतलेल्या जादा शुल्कातला ठरावीक वाटा स्थानिकांच्या शस्त्रक्रियांसाठी सक्तीने राखून ठेवला, तर माझा विरोध बराच मवाळ होईल.