मारुती ८००, पावसाळी रंग आणि ट्रकच्या मागची अक्षरं: मॉडेलवाल्यांचे प्रश्न

मागच्या अंकात गाड्या आणि ट्रकच्या स्केल मॉडेलबद्दल थोडंसं लिहिलं काय, एवढी पत्रं आली की सगळी घ्यायची म्हटली तर अख्खा अंक संपेल. किट (जोडून गाडी करायचे सुटे भाग) कुठे मिळतं नि केवढ्याला मिळतं हे विचारणारी पत्रं बाजूला ठेवलीत, कारण भाव दर महिन्याला बदलतात. हाताने काहीतरी करणाऱ्यांचे प्रश्न घेतोय.

बाबांची पहिली गाडी मारुती ८००, पांढरी, सातारा पासिंग. ती विकूनही आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या पंच्याहत्तरीला तिचं १:२४ मॉडेल करून द्यायचंय पण किट काही सापडत नाही. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, कराड)

कॅल्क्युलेटरपासून. चेष्टा नाही करत. ८०० ची लांबी ३३३५ मिमी, रुंदी १४४०, उंची १४०५ आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २१७५. १:२४ म्हणजे खऱ्या गाडीचा चोविसावा भाग, तेव्हा सगळ्याला २४ ने भागा, म्हणजे लांबी १३९, रुंदी ६०, उंची साडेअठ्ठावन्न आणि चाकांमधलं अंतर साधारण ९१ मिमी. आता टायर. १४५/७० आर १२ म्हणजे बारा इंची रिम, ती झाली ३०५ मिमी, वर-खाली रबराचे प्रत्येकी १०१ मिमी (१४५ चे ७० टक्के) धरले की पूर्ण चाक ५०८ च्या आसपास, भागिले २४ म्हणजे २१ मिमी. साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढं. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा, कारण बहुतेक जण बॉडी जीव ओतून करतात आणि मग कुठल्यातरी खेळण्यातल्या जीपची २८-३० मिमीची चाकं काढून लावतात, की झालं, ती मारुती राहतच नाही. गाडी ओळखू येते ती तिच्या बसण्यावरून, रंग वगैरे नंतर. म्हणून माझं मत असं की चाकं आधी मिळवा आणि मगच बॉडीला कटर लावा. ओळखीत कोणाकडे रेझिनचा थ्रीडी प्रिंटर असेल तर चारच्या जागी पाच चाकं प्रिंट करून घ्या (स्टेपनी!), बॉडी मात्र हाताने करा, त्यात खरी मजा आहे.

साइडचा फोटो घेताना गाडीच्या जवळ उभं राहू नका, लांब जाऊन झूम करा, नाहीतर मधला दरवाजा फुगलेला आणि दोन्ही टोकं बारीक येतात. गावात अजून एखादी ८०० उभी असतेच कोणाच्या तरी दारात, मालकाला विचारून चारही बाजूंनी फोटो काढा आणि साइडचा फोटो बरोबर १३९ मिमी लांब येईल असा प्रिंट करून घ्या. तो चिकटवायचा १ मिमीच्या स्टायरीन (प्लास्टिक) शीटवर आणि त्याबरहुकूम कापायचं. सनबोर्ड स्वस्त पडतो खरा, पण कापल्यावर त्याची कड स्पंजसारखी भोकाभोकांची दिसते, मग पुट्टी लावा, वॉटर पेपरने घासा, परत पुट्टी लावा असं चालूच राहतं, त्यामुळे सनबोर्ड आतल्या सांगाड्याला वापरा आणि बाहेरून स्टायरीन. काचांना ओएचपी शीट, म्हणजे पारदर्शक प्लास्टिक. नशिबाने ८०० चे पत्रे बऱ्यापैकी सपाट आहेत, पहिल्याच खेपेला ॲम्बेसेडर करायला घेतली असतीत तर त्या गोल मडगार्डांनी रडवलं असतं.

आणि जुना अल्बम जरूर काढा. मागच्या काचेवरचा स्टिकर, डॅशबोर्डवरचा गणपती, सीटवर टाकलेला टॉवेल, बाबा बघतील ते हे. बंपरचा कोपरा अर्धा मिलिमीटर चुकला तर त्यांना कळणारसुद्धा नाही.

१:२४ आणि १:२५ शेजारी ठेवले तर चालतं का? आणि मुळात हे दोन वेगळे कशाला? (कॉलेज विद्यार्थी, नाशिक)

चालतं, पण एकाच गाडीची दोन्ही स्केलमधली मॉडेलं शेजारी ठेवू नका. चार मीटरची गाडी १:२४ ला १६७ मिमी होते आणि १:२५ ला १६०, म्हणजे सात मिलिमीटरचा फरक, वेगवेगळ्या गाड्यांमध्ये तो डोळ्यात येत नाही. जपानी आणि युरोपियन कंपन्या, म्हणजे तामिया, हासेगावा, ट्रकसाठी इटालेरी, या प्रामुख्याने १:२४ वाल्या. अमेरिकेत १:२५ रुजलं ते शोरूमच्या मॉडेलांमुळे. नवीन गाडी आली की डीलर गिऱ्हाइकाला तिचं छोटं प्लास्टिकचं मॉडेल द्यायचा, ती बनवणाऱ्यांपैकी एक एएमटी, १९४८ ची कंपनी. त्यांनीच पुढे १९५८ मध्ये थ्री-इन-वन किट काढले, एकाच डब्यात कंपनीतून निघते तशी साधी, कस्टम किंवा रेसिंग, यातली हवी ती गाडी करा. गाडी आपल्या मनासारखी बदलायचा नाद पोरांना लागला त्यात या डब्यांचा मोठा हात आहे.

जुलैमध्ये स्प्रे मारला आणि काळ्या बोनेटवर पांढुरकी साय धरली. रंग खराब होता का? (रत्नागिरी)

रंगाचा काही दोष नाही, हवेचा आहे. लॅकर स्प्रेमधला थिनर भसकन उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो आणि कोकणातल्या जुलैच्या हवेत पाणी तर ओतप्रोत असतंच, ते त्या गार पृष्ठभागावर बसतं आणि रंगात अडकतं. यालाच ब्लशिंग म्हणतात. पूर्ण वाळू द्या, १५०० च्या वॉटर पेपरने हलकं घासा आणि कोरड्या दिवशी परत एक पातळ हात मारा. स्प्रेचा डबा मारायच्या आधी कोमट पाण्यात ठेवला तर फवारा बारीक येतो, पण कोमट म्हणजे हाताला सोसेल एवढंच, गॅसवर पातेलं ठेवून त्यात डबा घालू नका, फुटेल. काही जण खोक्यात बल्ब लावून मॉडेल वाळवतात, चांगली युक्ती आहे, फक्त बल्बच्या जवळपास स्प्रे मारायचा नाही कारण ती वाफ पेट घेते, आणि खोकं जास्त तापलं तर प्लास्टिकच वाकडं होतं.

खरं सांगू का, पावसाळ्यात बॉडी रंगवायलाच घेऊ नये. चासी, इंजिन, सीट यांना पाण्यातले ॲक्रिलिक ब्रशने लावत बसा, बॉडी ऑक्टोबर हीटसाठी ठेवा. आणि हो, गॅरेजवाले वापरतात तो एनसी थिनर किटच्या उघड्या प्लास्टिकवर लावू नका, पृष्ठभागावर जाळीदार तडे जातात.

ट्रकच्या मागे "हॉर्न ओके प्लीज", लिंबू-मिरची, कमळ सगळं हवंय. ब्रशने जमत नाही. (ट्रान्सपोर्टवाल्याचा मुलगा, कोल्हापूर)

डिकल पेपर, म्हणजे भिजवून त्यावरचं चित्र सरकवून चिकटवायचा कागद. कॉम्प्युटरवर डिझाइन करा, त्या कागदावर प्रिंट काढा, इंकजेट असेल तर वरून क्लिअर लॅकरचे दोन-तीन पातळ हात द्या नाहीतर पाण्यात घातल्या घातल्या शाई पळून जाईल. मग कडेकडेने कापून कोमट पाण्यात अर्धा मिनिट, आणि बोटाने सरकवून जागेवर. एक लक्षात ठेवा, घरचा प्रिंटर पांढरा रंग छापतच नाही, त्यामुळे पारदर्शक कागदावर छापलेलं पिवळं कमळ हिरव्या फाळक्यावर लावलं की दिसेनासंच होतं. पांढऱ्या रंगाचा डिकल पेपर घ्या, किंवा तेवढी जागा आधी पांढरी रंगवा. फाळका चकचकीत असतानाच डिकल लावायचा, मॅट रंगावर लावला तर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. मॅट क्लिअर सगळ्यात शेवटी.

२०१५ मध्ये महाराष्ट्रात गाड्यांवर "हॉर्न ओके प्लीज" लिहायला बंदी आली, तेव्हा नंबरप्लेट एमएच-०९ लावून ट्रक त्यानंतरचा दाखवणार असाल तर ती ओळ सोडा, शेरोशायरी चालेल. सध्याही कितीजण पाळतात तो भाग वेगळा.

सगळं बरोबर केलं तरी माझा टिप्पर खेळण्यासारखाच दिसतो. खरी माती चिकटवून पाहिली तरी तेच. (चंद्रपूर)

मातीच घोळ करतेय. अर्धा मिलिमीटरचा कण १:२४ मध्ये १२ मिमीचा होतो, म्हणजे तुम्ही धूळ नाही, खडी चिकटवलीत. सॉफ्ट पेस्टलचा खडू घ्या, बारीक वॉटर पेपरवर घासा, ती पावडर मऊ ब्रशने थोपटा. तुमच्याकडे काळी-करडी, कोकणातल्याने तांबडी घ्यावी. धूळ चाकांच्या मागे आणि हौद्याच्या कोपऱ्यात जास्त, केबिनच्या छतावर जवळजवळ नाहीच, काचेवर वायपर फिरतो तेवढा पंख्यासारखा भाग स्वच्छ. टायर काळे कुळकुळीत ठेवू नका, रस्त्यावरचा टायर गडद राखाडी असतो, रस्त्याला टेकतो तो भाग घासून बोथट करा. हौद्याला आतून ओरखडे हवेत, तिथे दगड पडतात.

मुलगा बारा वर्षांचा आहे, हॉट व्हील्स फोडून चाकं बदलत बसतो. पैसे घालून घेतलेल्या गाड्या फोडाव्यात का? (आई, पनवेल)

ताई, फोडू द्या. १९६८ मध्ये हॉट व्हील्सच्या पहिल्या सोळा गाड्या आल्या त्यात कस्टम कॅमारो, कस्टम मस्टँग अशी नावं होती, खेळण्याचा जन्मच बदललेल्या गाड्यांवर झालाय. फक्त खालचा रिव्हेट (बॉडी आणि तळ जोडणारी खीळ) ड्रिलने काढताना गाडी शिकंजात धरायला आणि डोळ्यांवर गॉगल घालायला सांगा, ड्रिलच्या वेळी मोठं माणूस जवळ असू दे. पेंट रिमूव्हर मात्र त्याच्या हातात देऊ नका, कातडी भाजते. हवाच असेल तर घरातल्या कोणी गॅलरीत, हातमोजे घालून काढून द्यावा.

पुढची काच चिकटवली आणि दुसऱ्या दिवशी आतून धुकं आलं. (ठाणे)

फेविक्विक लावलंत ना? त्याच्या वाफेने काच पांढरी होते. आतून हात पोचत असेल तर टूथपेस्टने घासून बघा, बरंच जातं, नाहीतर काच नवीन कापा. यापुढे काचेला साधा फेव्हिकॉल, टाचणीच्या टोकाने कडेला. वाळला की पारदर्शक होतो, आणि चुकून पसरला तर ओल्या कापसाने पुसता येतो.